तुमच्याकडे एक प्रत आहेच

सुमनताईंचा फोन सकाळी आला. नेहमी त्या "भाऊजी, चहाला या" असं म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. झोपेतच." मी भेस्तानला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा मधुकर पाटील यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं आणि आतल्या खोलीत त्यांचं ते यंत्र चालूच होतं. त्याच्या पंख्याची घरघर रडण्यामधूनही ऐकू येत होती. कोणीतरी म्हणालं, "ते बंद करा रे." सुमनताई म्हणाल्या, "राहू द्या. कसं बंद करायचं ते मला माहीत नाही."

मधुकरांनी आणि मी सुरतेतल्या एकाच मराठी शाळेत शिकवलं. ते विज्ञान, मी गणित. आमची बरीचशी मुलं पांडेसऱ्यातली, मिलमध्ये काम करणाऱ्या खानदेशी घरांतली. निवृत्तीनंतर मी पेपर वाचत बसलो, तर मधुकरांनी जुने संगणक उघडायला सुरुवात केली. शाळेनं भंगारात काढलेल्या एका संगणकाचा त्यांनी घरगुती सर्व्हर केला. स्वतःचे फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो, मग जुन्या विद्यार्थ्यांच्या घरचे फोटो त्यात ठेवायला लागले. लोकांचे मोबाइल फुटायचे, चोरीला जायचे, खाडीचं पाणी घरात शिरलं की भिजायचे. मग लोक म्हणायचे, पाटील सरांकडे ठेवा. मी चिडवायचो, "अहो, कंपन्या फुकट ठेवून देतात की सगळं!" ते म्हणायचे, "फुकट ठेवणारा कधी दार लावून घेईल, सांगता येतं का गुरुजी? आपल्या लेकीबाळींचे फोटो आपल्या घरात असावेत." सुमनताई आतून ओरडायच्या, "घरात म्हणजे माझ्या कपाटात! बिनभाड्याचा भाडेकरू आणून ठेवलाय."

त्यांचा एक नियम होता. सगळं एकाच घरात ठेवायचं नाही. आग लागली, पाणी शिरलं, तर दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी. ते दुसरं घर माझं. दुसरी डिस्क असलेला एक लहानसा डबा त्यांनी माझ्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागं आणून ठेवला. म्हणाले, "तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त दिवा लागलेला आहे का, तेवढं बघायचं."

दसऱ्याला आमच्या घरात हत्यारं-अवजारं पुजतात. माझे वडील मिलमध्ये होते. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून विसावा द्यायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्या वर्षी मी शिलाई मशीन, स्कूटर आणि तो डबाही पुजला. वायर काढली, ओल्या फडक्यानं पुसला, फूल ठेवलं आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं. डब्याला वरच्या बाजूला जाळी होती, तिकडं माझं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वायर लावली तर फट् असा आवाज झाला आणि जळकट वास आला. बायको म्हणाली, "त्यांना आत्ताच फोन करा." मी म्हटलं, "करतो." एवढ्या मोठ्या गणिताच्या मास्तरानं यंत्रावर पाणी ओतलं, हे सांगायची मला लाज वाटली… बाकी काही नाही. फक्त लाज.

दिवाळीच्या आधी त्यांचाच फोन आला. "गुरुजी, माझ्या पडद्यावर तुमचा डबा दिसत नाहीये. इंटरनेटच्या लाइनचा घोळ दिसतो. दिवा लागलाय ना?"

"लागलाय," मी म्हणालो. मी खुर्चीतून उठलोही नाही.

"मग बरं झालं. माझ्या यंत्रातली मांडणी खूप जुनी झालीय, कधीही अडेल. सगळं पुसून नव्यानं मांडतो. तुमच्याकडे एक प्रत आहेच."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तोंडातून आलं ते, "हो, करा."

त्यांनी पुसलं. त्यावर नवी मांडणी भरली, जुनं परत मिळायची वाट राहिली नाही. मग प्रत न्यायला माझ्याकडे आले, डबा उचलला, पुन्हा पुन्हा वायर लावून पाहिली. मी म्हणालो, "कालपर्यंत तर चालू होता." त्यांनी माझ्याकडं वर पाहिलंसुद्धा नाही. डबा मांडीवर घेऊन स्वतःशीच म्हणाले, "दुसरी प्रत डोळ्यांनी न बघता पहिली पुसली. मुलांना काय शिकवत होतो मी?" डब्यातली डिस्क संगणकाच्या दुकानातही उघडली नाही.

मग ते घरोघरी सांगायला निघाले. मी म्हटलं, फोनवर सांगा. ते म्हणाले, "ठेवून घेताना घरी गेलो होतो." स्कूटर मी चालवत होतो. पांडेसऱ्यात गिरजाबाईंच्या खोलीत आम्ही गेलो. त्यांचा मुलगा, आमचाच विद्यार्थी, अपघातात गेला होता. त्याचे सगळे फोटो त्यांनी सरांकडे दिले होते, कारण त्याचा मोबाइल पाहिला की त्यांना रडू यायचं. तो त्यांनी विकून टाकला होता. त्या मधुकरांना म्हणाल्या, "सर, तुमनाकडे ठेयेल व्हतात ना फोटो? मंग कथा गयात?" फोटो कुठं गेले, एवढंच त्यांना हवं होतं.

"मन्हीच चूक व्हयनी माय," मधुकर त्यांच्याच अहिराणीत म्हणाले. मी दारात उभा होतो. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडं काही ठेवणं बंद केलं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण लग्नकार्यात "सर, यंत्र काय म्हणतंय?" असं हसून विचारायचे आणि ते खाली बघायचे. परवा त्यांच्या शोकसभेत एक जुना विद्यार्थी भलेपणानं बोलला, "सरांनी जीव ओतला, पण शेवटी सगळ्यांच्या आठवणी त्यांच्याच हातून गेल्या." सुमनताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी व्यासपीठावर होतो आणि माझं भाषण त्यानंतर होतं. मी त्यांच्या साधेपणावर बोललो… आणि खाली उतरलो.

सभेनंतर सुमनताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? ज्या दारांत त्यांना घेऊन गेलात, तिथं जा. आणि पेपरातही लिहा. सभेत सगळे होते." म्हणून हे लिहितो आहे. फोटो मधुकर पाटलांच्या हातून गेले नाहीत, माझ्यामुळं गेले.

काल गिरजाबाईंकडं गेलो. भिंतीवर एक फोटो होता. कोणाच्या तरी लग्नातला, मोठा केल्यामुळं धूसर झालेला. कडेला हातात पाण्याचा जग घेतलेला त्यांचा मुलगा, चेहरा अर्धाच. गिरजाबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, मधुकर दर रविवारी इथं येत होते. मुलाच्या मित्रांचे, नातेवाइकांचे मोबाइल मागून घेऊन, त्यात कुठं मागं, कुठं कडेला तो दिसतो का, ते शोधत होते. असा हा एकच सापडला.

खिडकीशी एक पत्र्याची खुर्ची होती. मी तिच्यावर टेकायला गेलो. गिरजाबाई घाईनं म्हणाल्या, "तठे नका बठू गुरुजी. ती पाटील सरनी जागा शे."

मी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, आत आलो आणि उभ्यानंच सांगायला सुरुवात केली.