तोआकासे सूर खाली आणते

आमच्या चर्चमध्ये पेटी नाही की ऑर्गन नाही. एकजण सूर उचलतं आणि बाकीचे त्यात शिरतात. गेली एकतीस वर्षं हे एकजण म्हणजे तोआकासे. पाद्रीबाबांनी स्तोत्रांच्या पुस्तकातला आकडा सांगितला की ती तिसऱ्या बाकावरून उठते, चर्चला येताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती मानाची चटई सारखी करते, हनुवटी जराशी वर घेते आणि पहिला शब्द सोडते. मग तो शब्द साऱ्या गावाचा होतो.

पण दोन वर्षांपासून तो शब्द माडाच्या शेंड्यावर जाऊन बसायला लागला होता.

तोआकासेला हे ठाऊक नव्हतं, गावाला होतं. पण थोरल्या बाईने वर नेलेला सूर खाली ठेवायचा कोणी? म्हणून सगळे निमूट तिच्यामागे चढायचे. बायका कशाबशा पोचायच्या, पुरुषांचे हाल तर बघवत नव्हते. तिचा भाचा विलिआमी खर्जात गायचा, असा की कुंपणातली डुकरंसुद्धा खाणं सोडून मान वर करायची. तो आता मिसरूड फुटलेल्या पोरासारखा चिरकायला लागला. उपासना संपली की बाहेर येऊन गटागटा एक शहाळं प्यायचा आणि हळूच म्हणायचा, "आज आत्याने थेट स्वर्गाची कडी वाजवली." हसायचे सगळे, पण सांगायचं कोणी नाही. आमच्यात आत्या बापाच्याही वर. तिला ‘तुझं चुकतंय’ म्हणायला जीभ रेटत नाही.

अशात ठरलं की यंदा जूनमध्ये सगळ्या बेटांच्या चर्चची महासभा आमच्या गावात भरणार. तीन हजार माणसं, आठवडाभर. राजधानीतले थोर पाद्री येणार, आणि पहिलं स्तोत्र यजमान गावाने उचलायचं. तोआकासेने त्याच दिवशी ट्रंकेतली कमरेची साडेतीन हात लांब काळी चटई काढून उन्हात टाकली. तिच्या मनात दुसरं नावच नव्हतं. गावात मात्र कुजबूज सुरू झाली की पलीकडच्या गावातली लुपे आणली तर? लुपेचं वय तीस, आणि कान शाबूत.

सूर वर जातो हे तिला सांगितलं शेवटी कालोलाइनेने. कालोलाइने तिची मावसबहीण, जन्मभर एकाच ओंडक्यावर तिच्या शेजारी बसून झाडाची साल ठोकलेली. महासभेला पाहुण्यांच्या पायाखाली अंथरायला पन्नास हात लांब सालीचं कापड हवं होतं, म्हणून छपराखाली आठ बायका सकाळपासून मोगऱ्या आपटत होत्या. पोकळ ठेवलेला ओंडका तो, खाडीपलीकडे ऐकू जातो. त्या दणदणाटातच कालोलाइने म्हणाली,

"तोआकासे, तुला एक सांगायचंय."

"मग सांग की. ओरडतेस कशाला?"

"मी ओरडत नाही."

"ओरडतेस. पक्षी उडाले बघ."

"बरं, ओरडते. तूही ओरडतेस. घरात ओरडतेस, बाजारात ओरडतेस, आणि चर्चमध्ये तर अशी वर जातेस की तुझ्यामागे येता येता विलिआमीच्या मानेच्या शिरा फुटायच्या बाकी राहिल्यात."

मोगऱ्या एकेक करून थांबल्या. बाकीच्या सहाजणी आपापल्या सालीकडे असं बघायला लागल्या, जणू पूर्वी कधी साल पाहिलीच नव्हती.

"कधीपासून?" तोआकासेने विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि तुम्ही सगळे दोन वर्षं माझ्यामागे चढत राहिलात?"

"मग काय करणार? तू थोरली."

"गाढवं," तोआकासे म्हणाली, मोगरी खाली ठेवली आणि घरी गेली.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी आकडा सांगितला आणि ती उठलीच नाही. आता ती समोर बसलेली असताना दुसरं कोणी कसं उठणार? पाद्रीबाबांनी आकडा पुन्हा सांगितला. एक बाळ शिंकलं. शेवटी त्यांनी स्तोत्र सोडून प्रवचनच सुरू केलं आणि गाव त्या दिवशी न गाता घरी गेलं. माझ्या माहितीत असं वादळाच्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं.

तिची भाची सिऊ आमच्या बेटाच्या इस्पितळात नर्स. सोमवारी ती येऊन दारात खाली बसली, आत्याच्या नजरेच्या वर जाऊ नये म्हणून, आणि म्हणाली, "आत्या, कान तपासणारी बाई राजधानीतून आलीये. तीन दिवसच आहे. मला सोबत म्हणून चल."

"तुला कशाला सोबत हवी? रोज जातेस तिथे."

"आज भीती वाटतेय."

तोआकासेला कळत होतं भीती कोणाला वाटतेय ते. ती गेली.

तपासणारी अगदी कोवळी पोर होती. तिने बंद खोलीत बसवून कानावर काय काय लावलं, आवाज ऐकू आला की बोट वर करायला सांगितलं. तोआकासेचं बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं. मग पोरीने विचारलं, "आजी, किती वर्षं साल ठोकताय?"

"दात पडत होते तेव्हापासून. पहिले दात."

"आणि कानात काय घालता?"

"रविवारी फूल."

पोर हसली, पण मग नीट समजावून सांगितलं. जे ऐकणं गेलं ते परत येणार नाही. मोगऱ्यांचा आवाज रोज थोडं थोडं ऐकणं खात होता, आणि आधी वरचे बारीक सूर खाल्ले. स्वतःचा आवाज ऐकू येईना की माणूस जोर लावतं, आणि जोर लावला की गळा वर पळतो. राहिलेल्याला कानात घालायचं मशीन मदत करेल. पण ओंडक्याजवळ बसताना मशीन काढून कानात मऊ बुचं घालायची, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. "आणि तुमच्याबरोबरच्या सगळ्यांनीही घालायची," असं म्हणून तिने बुचांची पिशवीच सिऊच्या हातात दिली.

मशीन घालून तोआकासे घरी आली आणि तिला वाटलं, घरात चोर शिरलेत. चपला वाजत होत्या. फणसासारखं ते आमचं भाजलेलं फळ चावलं तर डोक्यात कोणी लाकडं तोडतंय असं वाटलं. भिंतीवरची पाल चुकचुकली. पाल ऐकून तिला सात वर्षं झाली होती, पण कोंबड्याने बांग दिल्यावर तिने मशीन काढून बिस्किटांच्या डब्यात टाकलं. सिऊ रोज यायची, डबा उघडायची. "आज अर्धा तास, आत्या. कानाला पुन्हा शाळेत घालावं लागतं."

"मला एकदा घातलं होतं शाळेत. दोन वर्षांत काढलं."

तरी तिने घातलं. दर संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून पहिल्या ओळीचा सूर लावायची, ऐकायची, पुन्हा लावायची.

ओंडक्यावर मात्र वेगळंच भांडण झालं. बुचं बघून बायका म्हणाल्या, "कान बंद केले तर ठोका कसा जुळणार? एकीची मोगरी दुसरीच्या बोटांवर पडेल." कालोलाइने म्हणाली, "मला काही झालेलं नाही, मला नकोत."

तोआकासेने मशीन काढून रुमालात नीट गुंडाळलं. "सात वर्षं मला तुमच्या मोगऱ्या नीट ऐकू येत नाहीत. माझी मोगरी कोणाच्या बोटांवर पडली? सांगा."

कोणाच्याच पडली नव्हती. उलट ठोका सुटला की सगळ्या तिच्याच हाताकडे बघायच्या.

"डावा तळवा सालीवर दाबून ठेवा, गुडघा ओंडक्याला टेकवा. ओंडका सांगतो शेजारीण कुठे आहे ते. आवाज कानात येतो त्याच्या आधी हाडात येतो."

त्यांनी बुचं घातली. पहिला तासभर असा गोंधळ झाला की रस्त्यावरच्या घोड्याने दिशा बदलली. मग एकीचा ठोका दुसरीच्या गुडघ्यात उतरायला लागला, आणि दुपारपर्यंत आठ मोगऱ्या एका हाताने चालवल्यासारख्या पडू लागल्या. विलिआमी उकडलेले सुरण घेऊन आला, तीनदा हाक मारली. एकीनेही मान वर केली नाही. सुरण तसेच ठेवून तो गेला आणि गावभर सांगत सुटला की आता आठहीजणी बहिऱ्या झाल्या.

जून आला. पन्नास हात कापड अंथरलं गेलं, त्यावरून थोर पाद्री चालत आले. मांडवात तीन हजार माणसं. लुपे चौथ्या रांगेत बसली होती, कोणीतरी तिला ‘असावी’ म्हणून बोलावलं होतं. तोआकासेने ते पाहिलं.

आकडा पुकारला गेला. ती उठली, चटई सारखी केली आणि पहिला शब्द सोडला.

तो वर गेला. भीतीने गेला. पण या वेळी तिने तो जाताना ऐकला. मागून गावकऱ्यांनी चढायला घेतलेला श्वासही ऐकला, विलिआमीचा तर स्पष्ट. आणि ती थांबली. एकतीस वर्षांत कधी मध्येच थांबली नव्हती. चौथ्या रांगेत लुपेने पुस्तक उघडलं.

तोआकासेने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, समुद्राकडे तोंड केल्यासारखी मान वळवली आणि तोच शब्द पुन्हा सोडला, खाली, जिथे तो तरुणपणी राहायचा तिथे.

विलिआमी असा शिरला की मांडवाचे खांब थरथरले. त्याच्यामागून सारे पुरुष, दोन वर्षं दाबून ठेवलेला खर्ज घेऊन, मग बायका, मग बाकीची बेटं. लुपेसुद्धा पुस्तक मिटून तोंड भरून गायली. थोर पाद्रींनी डोळे पुसले आणि सहा कडव्यांचं स्तोत्र दोनदा म्हणायला लावलं. तोआकासेने दुसऱ्यांदाही तिथूनच उचललं.

जेवायला बसल्यावर कालोलाइने अळूच्या पानातलं मटण घेऊन शेजारी आली.

"बरं गायलीस," ती ओरडली.

"ऐकू आलं तुला?"

कालोलाइनेने पानाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "गुडघ्यात आलं," ती म्हणाली. "ती कान तपासणारी पोर पुन्हा कधी येणार आहे, सिऊला विचार."

विलिआमीने त्या दिवशी शहाळं मागितलंच नाही.