सिमेंट घट्ट होईपर्यंतची गोष्ट

आमच्या बदनापूरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई दात भरायच्या ग्लास आयोनोमर सिमेंटची पावडर आणि द्रव भराभरा कालवत असतात, तेव्हा एक शब्द बोलत नाहीत. ते सिमेंट दातात भरलं की मात्र गोष्ट सुरू होते, कारण ते घट्ट होईपर्यंत पेशंटला पळता येत नाही.

"आ करून ठेवा सर. हसायचं बिलकुल न्हाई, थुंकी लागली की सिमेंट बिघडतं. तर, कुंभार पिंपळगावात माझ्या मावशीची वरात निघाल्ती..."

नवरदेवाला घेऊन घोडी उसात शिरली, तिथं माझ्या पोटात हसू उकळायला लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात बाईंनी दात टोचून पाहिला.

"झालं घट्ट. उठा."

"अन् नवरदेव?"

"पुढलं पुढल्या दाताला."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जालन्याच्या गाडीची वाट बघताना मी हे रोजच्या सोबतच्या मंडळींना सांगितलं, तर बँकेतले एक साहेब उसळलेच. "घोडी बाहेर आली की! माझ्या दाढेच्या टायमाला आली. पण वर नवरदेव नव्हता, वरमाय बसल्ती!"

वरमाय? घोडीवर? कशी काय? फलाटावर आणखी कुणाचा दात भरलेला नव्हता.

एवढ्यात आमच्यातल्या तलाठीसाहेबांनी थंड पाण्याचा घोट घेतला आणि गाल धरला.

"किडलाय का?" आम्ही सगळ्यांनी एकदम, आनंदानं विचारलं.

"न्हाई हो, उगं जरा ठणकून राह्यला."

गाडी आली. तलाठीसाहेबांना आम्ही चढू दिलं नाही.