विनूने ओ दिली

भूतखेत, चकवा वगैरे मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही, असं ठामपणे लिहायला मात्र आता हात धजत नाही.

मी मूळचा आंजर्ल्याचा, राहतो रत्नागिरीत. लोकांना ट्रेकला नेतो. आधी सह्याद्रीतले किल्ले करायचो, गेली काही वर्षं परदेशातले ज्वालामुखी. माझा धाकटा भाऊ विनू गावी आंब्याच्या कलमांची बाग सांभाळतो. गेल्या वर्षी त्याला मीच आग्रह करून इंडोनेशियात नेलं... लोंबोक बेटावर, रिंजानीला.

विवराच्या काठावर उभा राहून तो म्हणाला, "दादा, एवढं चढून बघायचं काय, तर धूर? आमच्या न्हाणीच्या चुलीला काय कमी येतो?" सगळे हसले.

दुपारी उतरायला लागलो. आमची पद्धत ठरलेली — पुढे तिथला गाईड, मध्ये मंडळी, सगळ्यांत शेवटी मी. मागे कोणी राहू नये, हे बघणं माझं काम. विनू माझ्या पुढेच होता. बुटात खडे गेले म्हणून मी थांबलो, त्याला म्हटलं, "तू हो पुढे हळूहळू." तेवढ्यात खालून ढग आला आणि चार हातांवरचं दिसेना.

आणि हाक आली. "दादाऽ..."

विनूचाच आवाज. डाव्या हाताला, खालून. तिकडे वाट नव्हती, नुसती राखेची घसरडी उतरण.

गळ्यात शिट्टी होती. वाजवायला हवी होती. पण आमच्याकडे रानात एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील, दुसरं काही असेल तर एकदाच मारतं. आई हे सांगायची तेव्हा मी तिची चेष्टा करायचो. त्या दिवशी मात्र तोंड उघडलंच नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. ती आली नाही. मग मी वाटेने खाली निघालो.

कॅम्पवर सगळे चहा पीत होते. विनू नव्हता.

गाईड आणि हमाल लगेच वर गेले. अंधार पडायच्या आत त्यांनी त्याला आणलं. वाटेच्या डावीकडच्या घळीत सापडला. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होता.

हॉस्पिटलमध्ये मी त्याला म्हटलं, "विनू, तुझी हाक मी ऐकली रे. ओ दिली नाही."

तो म्हणाला, "मी कुठं हाक मारली? तूच मारलीस. 'विनू' म्हणालास, एकदाच. मी 'आलो' म्हटलं आणि आवाजाच्या रोखाने गेलो."

आई आम्हा दोघांची एकच, तिचं ते सांगणं त्यानेही ऐकलेलं. आपण नक्की कशाच्या हाकेला ओ दिली, हे त्याच्या मनात यायला लागलं होतं... चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने माझं मनगट धरलं.

"तूच होतास ना, दादा?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

तेव्हापासून घरात हेच खरं आहे. भावजय म्हणाली, "भाऊजी, एवढी माणसं डोंगरावर नेता, आणि सख्ख्या भावालाच वाट सोडून बोलावलंत?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. विनूचा पाय आखडला तो आखडलाच. आंबे आता दुसरे उतरवतात, तो खाली खुर्चीवर बसून असतो. ट्रेक मी बंद केलेत. वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. काहीच वाटत नाही, असे दिवस जास्त.

तो आवाज कोणाचा होता, मला माहीत नाही. दोन आवाज होते की एकच, तेही माहीत नाही. विनू हे असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं.

मागच्या आठवड्यात बागेत त्याच्याजवळ बसलो होतो. मध्येच म्हणाला, "दादा, तू तेव्हा माझ्या मागे होतास ना? वरच्या अंगाला?"

"हो."

"मग हाक खालून कशी आली रे?"

"डोंगरात आवाज घुमतो," मी म्हटलं.

पायावरची माशी हाकलत तो म्हणाला, "असेल."