गुरुवारचे पेशंट

राव सर दर गुरुवारी दुपारी मरणाच्या दारात असायचे. वर्गातले दोन बाक जोडून त्यावर आडवे व्हायचे, खांद्यावरचा टॉवेल कपाळावर ओढायचे आणि आम्हा डॉक्टर-नर्सेसपैकी कुणाला तरी बोटाने जवळ बोलवायचे. ज्याला बोलावलं त्याने त्यांच्याशी बोलायचं. कधी ते चेन्नईतल्या गिंडीच्या वर्कशॉपमधले चिडके फोरमन असत, तर कधी मुलीच्या लग्नापर्यंत जगवा म्हणून हात धरून बसणारी विधवा. त्या विधवेपुढे आयसीयूत मुरलेला एक डॉक्टर हुंदके देत बाहेर पळाला. सरांनी टॉवेल बाजूला केला. "हा बरा आहे. न रडणाऱ्याची मज भीती."

एरवी या माणसाला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. शिकवताना फेऱ्या, डबा खाताना फेऱ्या. खुर्चीत बसलेच तर गुडघा शिलाई मशीनसारखा हलायचा. पण समोर पेशंट बोलायला लागला की तो गुडघा थांबायचा. सर ऐकताहेत की नाही, हे आम्ही गुडघ्यावरून ओळखत असू.

मी चेन्नईतच वाढलेली. बाबा संरक्षण कारखान्यात, युनियनचे पुढारी. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांनी लिहिलेल्या संपाच्या पत्रकांवर. सर तंजावरच्या मराठी घरातले. वर्ग इंग्रजीत चाले, पण मला रागवायचं झालं की सर त्यांच्या त्या जुन्या मराठीत शिरत, मागे तमिळ वळणाचं लाडाचं 'मा' लावून. आणि मला रागवण्याचे प्रसंग भरपूर येत. शतक नुकतंच उलटलं होतं, कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळणं मुश्कील होतं, आणि परवान्याच्या फायली टेबलांवर झोपून होत्या. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्यांच्या वेदना हलक्या करण्याची, पदविका मी घेत होते ती शांतपणे बसायला नव्हे, भांडायला. मी वॉर्डच्या भिंतीवर पत्रक लावलं, वेदनेतून सुटका हा हक्क आहे. सरांनी ते चालता चालता वाचलं. "छान लिहिलंस, मा. ह्यात वेलू कोठे आहे?"

वेलू हा गुम्मिडिपूंडीच्या पोलादाच्या भट्टीवरचा कामगार. गालाचा कॅन्सर. आमच्याकडे मॉर्फिन होतं, आम्ही दर आठवड्याला घरी नेऊन देत होतो, तरी हा भिंतीवर मुठी आपटायचा. आठवड्याने गोळ्या मोजाव्यात तर निम्म्या शिल्लक. त्याची बायको मल्लिगा त्याला अर्धीच गोळी देत होती. मी तिला तमिळमध्ये सगळं ऐकवलं. याचं व्यसन लागत नाही, दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही, हा त्याचा हक्क आहे. त्यातला शब्दही मी आज मागे घेणार नाही. "सेरी, डॉक्टरम्मा," बरं, अशी मान हलवत ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा निम्म्या उरल्या.

त्या गुरुवारी सर बाकावर आडवे झाले नाहीत. "आज मी डॉक्टर. तू मल्लिगा."

"गोळ्या देतेस कां, मा?" त्यांनी विचारलं.

"देते की!" मी ठसक्यात म्हणाले.

"सेरी." आणि ते गप्प बसले. गुडघा थांबला. वर्गात पंख्याची घरघर तेवढी राहिली. मला ती शांतता सोसेना आणि तोंडातून निघून गेलं, "ती घेतली की हा झोपतो. मग मी बोलू कुणाशी?"

सर उठले. "हे खरं असेलच असं नव्हे. जा, तिलाच पूस. आणि पुसल्यावर तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मल्लिगा शेवग्याचा पाला खुडत होती. विचारलं आणि जीभ दातांखाली धरून बसले. पाला संपत आला तेव्हा ती बोलली. तिचा बाप दारूत गेला. म्हणून लग्नात तिने वेलूकडून अम्मन देवीची शपथ घेतली होती, आयुष्यात नशा करायची नाही. "भट्टीवरचे सगळे पितात. याने कधी तोंडाला लावली नाही. आता माझ्याच हाताने याची शपथ मोडू?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. उत्तर वेलूने दिलं, अर्ध्या उघडणाऱ्या तोंडाने. "शपथ तू घातलीस. तूच सोडव."

ती उठली, गल्लीच्या टोकाच्या अम्मनच्या देवळात जाऊन आली, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि अख्खी गोळी दिली. पुढच्या आठवड्यात वेलू उंबऱ्यावर बसून रसमला मीठ नाही म्हणून तिच्याशी भांडत होता. काही महिन्यांनी तो गेला, तेव्हा त्याची मूठ उघडी होती.

मी अजून पत्रकं लिहिते. परवाने अजून अडतात, आणि माझं डोकं अजून तापतं.

काही वर्षांनी सर खरंच पेशंट झाले. मी त्यांच्या तांबरमच्या घरी गेले. पलंगावर एवढेसे झालेले सर, आणि चादरीखाली गुडघा तसाच हलत होता. मी औषधांच्या वेळा विचारू लागले.

"थांब, मा. आज गुरुवार नव्हे कां?"

मंगळवार होता. मी हो म्हटलं.

"मग आज तू पेशंट हो." ते माझ्याकडे वळले. "सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो, मा?"

काहीतरी गमतीचं बोलून सुटावं असं मनात होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

"तुमच्यानंतर मी कुणाशी भांडू, सर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. चादरीखालचा गुडघा थांबला होता.