सुमनताईंचा पुरावा

सुमनताई आलेलं पत्र दोनदा वाचायच्या आणि लगेच स्टोव्हवर धरून जाळायच्या. दौंडला आमच्या वरच्या खोलीत त्या भाड्यानं राहत. एका दवाखान्यात नर्स होत्या. मी तेव्हा इंग्रजी शाळेत नववीत होते. जाळता कशाला, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कागद ऱ्हायला की कुणाच्या तरी हाताला लागतोय." मला त्यांचा संशय यायचा. आईलाही यायचा, पण तिला यामागे कुणी पुरुष असेल असं वाटे.

पत्रं शिरूरहून यायची, रेहानाबाईंची. त्या तिथं शाळेत शिकवायच्या आणि महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीनं सुमनताईंकडे यायच्या. आईला तेवढंच बरं वाटायचं. "मैत्रीण येती म्हंजी पोरगी एकटी पडत न्हाई." मी पुस्तक घेऊन जिन्यात बसायचे. एका दुपारी वरचं दार अर्धवट उघडं होतं. सुमनताई रेहानाबाईंच्या केसांना तेल लावत होत्या. रेहानाबाईंनी त्यांचा तेलकट हात ओढून घेतला आणि तळव्यावर ओठ टेकवले. सुमनताईंनी मान वर केली. मी दिसले. संध्याकाळी मला चहा देताना त्या एवढंच म्हणाल्या, "जिन्यात उजेड कमी हाय. डोळं जातील."

मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असावं. कोण, ते कधी कळलं नाही. मी बरीच वर्षं शेजारच्या प्रत्येक बाईकडे त्या नजरेनं पाहत होते. सुमनताईंचे भाऊ जीप घेऊन आले आणि त्यांना गावी घेऊन गेले. महिन्याभरानं त्या परतल्या तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये होता. रेहानाबाईंचं लग्न लागलं. सुमनताई नर्सच्या नोकरीवर इंग्लंडला गेल्या.

चार-पाच वर्षांनी पुण्यात मला त्यांचा फोन आला. व्हिसा संपला होता. परत आल्या तर भाऊ जिवंत ठेवणार नाहीत, म्हणून त्यांनी तिथंच आसरा मागितला होता. अधिकारी मात्र त्यांना खोटं ठरवत होता. "म्हनतोय, एक फोटू दाव, एक पत्र दाव. काय दावू? समदं माझ्याच हातानं जाळलं." मग हळू आवाजात, "तू बघितलंयस. इंग्लिशमधी लिहून दे. रेहानाचं नाव घालू नगंस, तिला लेकरं हायती."

हा कागद फिरून दौंडला पोचला तर? आठ दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही. शेवटी पाहिलं होतं तेवढं लिहून पाठवलं. तिथल्या वकीलबाईंचं उत्तर आलं: तुम्ही शाळकरी मुलगी होतात. त्या नुसत्या मैत्रिणी नाहीत, हे तुम्हाला कसं कळलं? याचं उत्तर नसेल तर तुमची साक्ष टिकणार नाही.

त्याचं खरं उत्तर एकच होतं. मराठीत ते मी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. इंग्रजीत एका ओळीत लिहिलं, की मीही तशीच आहे. खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही.

काही महिन्यांनी सुमनताईंचा फोन आला. "ऱ्हायला परवानगी मिळाली गं." मी विचारलं, "तुम्हाला माझं ठाऊक होतं?"

"व्हय. तवाच वळखलं हुतं."

"मग कधी विचारलं का नाही?"

"इचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," त्या म्हणाल्या.