एकच धडा दोनदा

विद्याताई रोज एकच धडा दोनदा शिकवायच्या. सकाळी दुबईत मरीनाजवळच्या एका ब्रिटिश शाळेत पैसेवाल्यांच्या मुलांना आणि संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी आपल्या लेकीला, मुक्ताला. मुक्ता ऊद मेथाच्या इंडियन शाळेत होती. मी त्यांच्या समोरच्या दारातली. माझा फैजही तिथे आयताच जाऊन बसायचा.

मुलांनी "सो टायर्ड!" म्हणून रडगाणं लावलं की विद्याताईंचं उत्तर ठरलेलं, "आधी वही उघड, मग बोल." एकदा भाडं वाढलं म्हणून मी तणतणत गेले, तर मलाही म्हणाल्या, "बस रुखसाना. आधी चहा घे, मग बोल."

भाडं त्यांचंही वाढलं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडून ते कोल्हापूरला परतले होते. एका पगारात घर आणि मुक्ताची फी, दोन्ही बसेनात.

त्याच सुमारास शाळेत केट आली. लंडनची, वर्षभराचा अनुभव आणि थेट विद्याताईंच्या विभागाची हेड! चौदा वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंकडेच ती शनिवारी प्रयोग शिकायला यायची. पोरगी मात्र लाघवी. पोहे मागून खायची. एकदा सहज म्हणाली, "मुक्ता आपल्या शाळेत का नाही? टीचरच्या मुलांना फी नसते ना?"

विद्याताईंनी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. "ते तिकडून आणलेल्यांना, केट. राहायला घरही त्यांनाच. आम्ही इथूनच घेतलेल्या."

तिकडून आणलेले कोण आणि इथून घेतलेले कोण, ते स्टाफरूममध्ये नुसतं डोकावलं तरी रंगावरून कळत होतं. केटचा चेहरा पडला. माझं तर डोकंच फिरलं. ती गेल्यावर मी तोंड सोडलं, तशा विद्याताई म्हणाल्या, "तिच्यावर कशाला चिडतेस? तिला मिळतं ते जास्त नाही गं. मला मिळतं ते कमी आहे."

दुसऱ्या दिवशी त्या प्रिन्सिपलकडे गेल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा काही मागायला. फी न घेता मुक्ताला आपल्या शाळेत घ्या, एवढंच. "तुमची कॅटेगरी वेगळी आहे," प्रिन्सिपल म्हणाले. केटही जाऊन भांडून आली. तिलाही तेच उत्तर मिळालं.

"खलास," विद्याताई घरी येऊन म्हणाल्या आणि मुक्ताची बॅग भरायला घेतली. मुक्ता कोल्हापूरला वडिलांकडे गेली. विद्याताईंनी फ्लॅट सोडला, चार नर्सेसबरोबर एका खोलीत खाट घेतली. एवढी शिकलेली बाई, शाळेला हवी, आणि पोटच्या पोरीजवळ राहायची सोय नाही! मला आजही राग येतो.

संध्याकाळचा वर्ग माझ्या स्वयंपाकघरात आला. पहिल्या दिवशी त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. फैज वही काढून बसला. फोनवर मुक्ता दिसली, दोन वेण्या घातलेली, डोळे सुजलेले. विद्याताईंनी धडा काढला. पुस्तकाचं पान उगाच सारखं करत राहिल्या.

दुबईत वाढलेली मुक्ता. आईने मराठीत विचारलं तरी जन्मभर इंग्रजीत उत्तर देणारी. तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. मग म्हणाली, "वही उघडली, आई. आता बोल."