तीन वाक्यांसाठी भिवंडीला

जुन्नरहून कल्याणची सकाळची एसटी पकडली, तेव्हा माझ्या पर्समध्ये एक इंग्रजी पत्र होतं. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या काशिनाथचं. माझी भाची कुंदा हिच्यासाठी हे स्थळ आलं होतं. मुलीची मावशी हायस्कुलात इंग्रजी शिकवते असं कळल्यावर त्याने स्वतःची ओळख इंग्रजीत लिहून पाठवली होती. त्यातली तीन वाक्यं मी अक्काला, म्हणजे कुंदाच्या आईला, समजावून सांगितली आणि तिने कपाळाला हात लावला. ‘मी आमच्या घराण्यातला ब्लॅक शीप आहे’, म्हणजे कुळाला बट्टा. ‘मालकांनी मला अनेकदा रेड हँडेड पकडलं आहे’, म्हणजे रंगेहाथ. आणि ‘माझं आयुष्य भिवंडीत ओपन सीक्रेट आहे’, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित!

“नकार कळवून टाक,” अक्का म्हणाली.

“चोर असं सहीनिशी लिहून देत नाही. मी बघून येते.” अठरा वर्षं पेपर तपासलेत मी. चूक कुठली आणि लबाडी कुठली, हे मला कळतं.

माळशेज घाट उतरला तशी हवा दमट झाली. कल्याणला गाडी बदलली. भिवंडी दिसण्याआधी ऐकूच येते. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खडखड, आणि हवेत भुरभुरणारे कापसाचे तंतू. मी भलत्याच गल्लीत शिरले. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “काशिनाथ जॉबर? वो लूम दुरुस्त करनेवाला? जिधर लूम बंद पडा होगा बाई, उधर मिलेगा.”

तसाच मिळाला. शेडच्या दारात मालक उभे होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं, “काशिनाथला तुम्ही कितीदा पकडलंत?”

“रोज पकडता हूँ!” खडखडाटात ते ओरडले. “शिफ्ट संपली तरी घरी जात नाही. लूमखाली घुसलेला असतो.”

लूमखालून काशिनाथ बाहेर आला, मनगटापर्यंत ग्रीसने माखलेला. कुंदाची मावशी म्हणून ओळख सांगून मी पत्र पुढे धरलं.

“बरोबर हाय ना, बाई? रात्रशाळेच्या वहीतले वाक्प्रचार घातलेत,” तो आनंदाने म्हणाला. “मालक कधीही येऊ देत, माझे हात कामातच असतात, म्हणून रेड हँडेड. घरात सगळे शेतकरी, मी एकटाच वेगळा, म्हणून ब्लॅक शीप. आणि माझं काहीच लपलेलं नाय.”

मी अर्थ सांगितले. त्याचे कान लाल झाले. मग खोक्यावर बसून तो इतका हसला, की मालकही हसू लागले. एकदम थांबून त्याने विचारलं, “मुलीने वाचलं?”

“वाचलं.”

“मेलो!”

टांग्याने त्याने मला वळला घरी नेलं. त्याच्या आईने पाट मांडला. “बस गो बाय, जेवल्याबिगर जायाचं न्हाय.” तांदळाची भाकरी आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं झणझणीत कालवण. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसरी भाकरी मागितली. मनात होकार ठरून गेला होता.

निघताना काशिनाथ म्हणाला, “एक विचारू, बाई? तुम्ही मला पारखायला आलात, ते बरोबरच. पण मुलीच्या मनात काय हाय, ते कुणी तिला विचारलं का?”

मी पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली.

कल्याणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी पोचले. अक्का दारातच होती. “कसा आहे गं?” तिला थांबवून मी आत गेले. कुंदा तांदूळ निवडत होती. मी अख्खा घाट उतरून परक्या मुलाला दहा प्रश्न विचारून आले होते. हिला मात्र आम्ही एकही विचारला नव्हता.

“कुंदे, तुला काय वाटतं?”

तिने सूप बाजूला ठेवलं.

“मला त्यांच्याशी एकदा बोलायचंय, मावशी. आणि तू मध्ये बसायचं नाहीस.”